पहिल्या सर्किटसाठी ५५५ की आर्डुइनो?

इलेक्ट्रॉनिक्स हाताने शिकायचं ठरवलं की पहिल्यांदा हाच प्रश्न पडतो: ५५५ ही वेळ मोजणारी साधी चिप घ्यावी, की आर्डुइनो हा संगणकावरून प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड? मी भाचीला बरोबर घेऊन दोन्हींवर एकच वस्तू केली: दोन उघड्या तारांना बोट लावलं की पाच सेकंद पेटून राहणारा एलईडी, म्हणजे छोटा दिवा.

आर्डुइनोच्या ऊनो या बोर्डावर प्रोग्राम जेमतेम दहा ओळींचा. वेळ मिलिसेकंदांत लिहायची; दुप्पट करायची तर ५००० खोडून १०००० लिहायचे, झालं. पण आमची पहिली संध्याकाळ एलईडीपर्यंत पोचलीच नाही. संगणकाला बोर्ड जोडलेला पोर्टच दिसेना. बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर संगणकात टाकला, भाचीने सगळ्या तारा तीनदा काढून लावल्या. शेवटी लक्षात आलं, केबल नुसती चार्जिंगची होती. तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या. केबल काय, बदलता येते. मला खटकलं ते हे की चूक प्रोग्राममध्ये आहे, केबलमध्ये की सर्किटमध्ये, हे नवशिक्याला कळायला काही मार्गच नसतो.

५५५ ही हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये आखलेली आठ पायांची आयसी, म्हणजे चिप. दोन नंबरच्या पायावरचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या एक तृतीयांशाखाली गेला की तीन नंबरचा पाय चालू होतो. उघड्या तारांपैकी एक दोन नंबरच्या पायाला, दुसरी मायनसला; बोट लावलं की हा व्होल्टेज खाली येतो. किती वेळ, ते १.१ × रेझिस्टर (प्रवाह अडवणारा) × कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा); १०० किलोओम आणि ४७ मायक्रोफॅरडला साधारण पाच सेकंद.

इथेही अडलोच. माझ्या बोटाने दिवा लागे, भाचीच्या लागेना. तिने बोट किंचित ओलं करून लावलं आणि लागला! म्हणजे कातडीलाही रेझिस्टन्स असतो, हे तिचं तिलाच उमगलं. दोन नंबरच्या पायापासून प्लसला जोडलेला १ मेगाओमचा रेझिस्टर काढून ४.७ मेगाओमचा लावला, मग कोरडं बोटही चाललं. अडलेलं सगळं ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंगशिवाय सुटे भाग खोचायच्या पाटीवर, समोर होतं. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

सेन्सर, मोटर, डिस्प्ले एकत्र चालवायचे असतील किंवा प्रोग्रामिंगचीच ओढ असेल, तर ऊनो घ्या. आम्हीही पुढे त्याच्याकडे वळलो. पण पहिले काही आठवडे तरी ५५५वर घालवावेत, असं मला वाटतं. पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलात तर दोन-तीन जादा आयसी आणि व्होल्टेज-रेझिस्टन्स मोजणारा एक साधा मल्टिमीटर घेऊन या. बॅटरी उलटी लागली की आयसी जाते; आमची एक तशीच गेली.