उघड्याबोडक्या गॅरेजमध्ये कोळशाचा स्टोव्ह: कुणाला जमेल, कुणाला नाही

इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, नसलेलं उघडंबोडकं गॅरेज गरम करायचं ठरलं की चर्चा थेट स्टोव्हवर येते. किती किलोवॅटचा घ्यावा, बिडाचा की पोलादी, कोळसा हाताने टाकायचा की आपोआप पडणारा. हे सगळं ठरवायचंच आहे, पण त्याआधी दोन प्रश्न सोडवले तर बऱ्याच जणांना पुढचं वाचायचीही गरज उरणार नाही. तिथे गाडी किंवा पेट्रोल असतं का? आणि तुम्ही तिथे सलग किती वेळ असता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर कोळसा तिथेच बाद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. कोळशाचा स्टोव्ह जळायला लागणारी हवा जाळीच्या खालून, म्हणजे राखेच्या कप्प्याजवळून, जवळपास फरशीच्या पातळीवरूनच ओढतो. गाडीची टाकी झिरपत असेल, गवत कापायच्या यंत्राचं झाकण सैल असेल, थिनरचा डबा उघडा राहिला असेल, तर ती वाफ स्टोव्ह स्वतःच आत ओढून घेणार. अमेरिकेतलं धुराड्यांचं आणि घन इंधनाच्या उपकरणांचं मानक, एनएफपीए २११, गॅरेजमध्ये असे स्टोव्ह बसवायला सरळ मनाई करतं. ते मानक तुमच्याकडे लागू नसलं तरी कारण सगळीकडे तेच आहे. शिवाय विमा कंपनीला न विचारता धुराडं बसवलंत आणि पुढे काही झालं, तर भरपाईचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. घराला चिकटलेल्या गॅरेजात तर स्टोव्हचा वायू घरातही शिरू शकतो.

तेव्हा इथून पुढचं सगळं नावापुरत्या गॅरेजसाठी: गाडी बाहेर उभी राहते, पेट्रोल आणि रंग दुसरीकडे ठेवलेत, आत लाकूडकाम, दुरुस्ती किंवा वेल्डिंग चालतं, आणि इमारत घरापासून सुटी आहे.

आधी भोकं बुजवा, मग भट्टी मोजा

एक साधा हिशोब करून पाहू. सहा बाय सहा मीटरचं गॅरेज, उंची अडीच मीटर. भिंती एकेरी विटेच्या, वर नुसता पत्रा. बाहेर ० अंश, आत २० हवेत. भिंतींतून साधारण ३.६ किलोवॅट उष्णता जाते. एकट्या पत्र्यातून ५ किलोवॅट. दाराखालच्या आणि वाश्यांमधल्या फटींतून तासाला तीन वेळा हवा बदलत असेल तर आणखी १.८. बेरीज साडेदहा किलोवॅटच्या आसपास, आणि त्यातली निम्मी एकट्या छतातून!

आता पत्र्याखाली १० सेंटिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) आणि त्याखाली फळ्यांचं किंवा जिप्समचं छत घाला. छताचे ५ किलोवॅट पाव किलोवॅटवर येतात. दाराला खाली रबरी पट्टी, बाजूंना ब्रश लावून हवेची ये-जा एक तृतीयांशावर आणली की एकूण गरज साडेचार किलोवॅटवर उतरते. भिंतींना हातही लावलेला नाही. ‘इन्सुलेशन नाही म्हणून मोठा स्टोव्ह’ हे गणित म्हणूनच मला पटत नाही. जे पैसे मोठ्या स्टोव्हवर जाणार त्यात छत होतं, आणि छताला रोज कोळसा घालावा लागत नाही.

हेच कोळशाच्या भाषेत सांगतो. चांगल्या अँथ्रासाइटच्या, म्हणजे कडक दगडी कोळशाच्या, एका किलोत सुमारे ८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता असते. स्टोव्हची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हाती साडेपाच-पावणेसहा येतात. दिवसभर, रात्रभर २० अंश राखायचे असतील तर उघड्या गॅरेजला ४५ किलो कोळसा लागेल, छत घातलेल्या, फटी बुजवलेल्या गॅरेजला १९. अँथ्रासाइटची राख वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे पहिल्या प्रकारात रोज साडेचार किलो राख बाहेर न्यायची. पाच महिन्यांचा हिवाळा डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा.

कोळसा कसा वागतो

इथे दगडी कोळशाबद्दल बोलतोय, लाकडी कोळशाबद्दल नाही. त्यातही जात महत्त्वाची. अँथ्रासाइट कडक, चकचकीत, धूर जवळजवळ नाही. बिट्युमिनस कोळसा लवकर पेटतो, पण त्यातून ज्वालाग्राही वायू आणि काजळी भरपूर निघते. ताज्या कोळशाने सगळे निखारे झाकून टाकले तर तो वायू आत साठतो आणि एकदम भडकून दार उघडू शकतो, नळी सांध्यातून सुटू शकते. त्यावर जुना आणि पक्का उपाय म्हणजे नवा कोळसा घालताना एका कोपऱ्यात लाल निखारा उघडा ठेवायचा, म्हणजे निघणारा वायू तिथेच पेटत राहतो. वर नाचणाऱ्या निळ्या ज्योती दिसल्या की काम ठीक चाललंय. त्या ज्योती म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइडच, हा वास नसलेला विषारी वायू.

अँथ्रासाइट पेटवणं हे वेगळंच काम आहे. आधी लाकडाची दणदणीत आग, मग त्यावर थोडा कोळसा, तो धरला की आणखी थोडा. थर पातळ राहिला तर विझतो; तो खोल आणि भरगच्च असायला हवा. निखाऱ्यात सळई खुपसून ढवळायचं नाही, जाळी खालून हलवून राख पाडायची. लाकडाची सवय असलेला माणूस हमखास वरून ढवळतो आणि चांगली धरलेली आग मारतो. धड तापेपर्यंत तासभर सहज जातो. पण एकदा जम बसला की ८ ते १२ तास त्याच्याकडे बघायला लागत नाही. सकाळी एकदा, रात्री एकदा, बस्स. वीज गेली तरी फरक पडत नाही. आपोआप कोळसा ढकलणाऱ्या स्टोव्हला मात्र मोटर असते, वीज गेली की तोही गप्प.

या स्वभावामुळेच दुसरा प्रश्न कळीचा ठरतो. तुम्ही रोज, दिवसभर तिथे काम करत असाल तर ही संथ, एकसारखी आच म्हणजे सुख आहे. शनिवारी दुपारी तीन तास रंधा मारायला जात असाल तर कोळसा सर्वांत वाईट पर्याय. पेटेपर्यंत तास, जागा तापेपर्यंत दुसरा, आणि तुम्ही हात धुऊन निघालात की तो ऐन रंगात येतो. त्याला बंद करायचं बटण नसतं.

फरशीचं गणितही लक्षात घ्या. ३६ चौरस मीटरचा १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट थर साडेआठ टनांचा भरतो आणि त्याला एक अंश वर न्यायला दोन युनिटच्या वर उष्णता लागते. पंधरा अंश चढवायचे म्हणजे तीस युनिट, आणि ही फक्त फरशी. डोकं तापलंय आणि पाय बधिर, अशी तक्रार येते ती यामुळे. अधूनमधून पेटवणाऱ्या कुणालाच ती फरशी तापलेली मिळत नाही. पायाखाली लाकडी फळकुट किंवा जाड रबरी मॅट टाकली तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

बाकीचे उमेदवार

| पर्याय | ऊब मिळायला | लक्ष किती | धुराडं | आतली ओल |
|---|---|---|---|---|
| कोळशाचा स्टोव्ह | एक-दोन तास | दिवसातून दोनदा | हवंच | वाढत नाही |
| लाकडाचा स्टोव्ह | अर्धा तास | दर तास-दोन तासांनी | हवंच | वाढत नाही |
| धुराड्याविना गॅस किंवा रॉकेल हीटर | काही मिनिटं | कमी | नाही | खूप वाढते |
| डिझेल हीटर, धूर बाहेर सोडणारा | दहा-पंधरा मिनिटं | कमी | छोटी नळी | वाढत नाही |
| विजेचा इन्फ्रारेड | लगेच | शून्य | नाही | वाढत नाही |

लाकूड आणि कोळसा यांची तुलना लोक फक्त दरावर करतात. वाळलेल्या लाकडात किलोला ४ युनिटच्या आसपास, म्हणजे कोळशाच्या निम्मी उष्णता. पण जागेचा फरक याहून मोठा आहे, कारण रचलेलं लाकूड फोफसं असतं. ४५ किलो कोळसा दोन-तीन बादल्यांत, फार तर चारांत मावतो. तेवढ्याच उष्णतेसाठी लागणारं ९० किलो लाकूड भिंतीलगत चांगली थप्पी धरून बसतं. लाकूड ओलं असेल तर धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि तो पुढे कधीतरी पेटतो. कोळशात ती भीती फारशी नाही. मात्र लाकूड दोन-तीन तासांत पेटून, तापवून, विझूनही जातं, आणि थोडाच वेळ येणाऱ्याला तेच तर हवं असतं. लाकूडकाम करणाऱ्याकडे तुकडेही फुकटचे असतात. फक्त प्लायवूड, रंगवलेलं आणि औषध मारलेलं लाकूड त्यात घालू नका.

एक गोष्ट ठळक सांगतो: कोळशाच्या स्टोव्हमध्ये लाकूड बहुधा चालतं, लाकडाच्या स्टोव्हमध्ये कोळसा चालत नाही. लाकूड सपाट राखेवर जळतं, कोळशाला खालून हवा आणि हलणारी जाळी लागते. शिवाय त्याची धग वेगळी, लाकडासाठी बनवलेलं अंग तिने वाकतं. दोन्ही जाळायचं असेल तर दोन्ही इंधनांसाठी बनवलेला असं निर्मात्याने लिहिलेला स्टोव्हच घ्या.

धुराड्याविना चालणारे गॅस-रॉकेल हीटर स्वस्त आणि झटपट, म्हणून सर्वांत जास्त खपतात. मला ते कार्यशाळेत नको वाटतात. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. साडेदहा किलोवॅटसाठी तासाला सव्वा लिटरच्या वर पाणी, चार तासांत पाच लिटर. ते सगळं थंड पत्र्यावर, बिडाच्या टेबलावर, पटाशांवर आणि पान्यांवर जाऊन बसतं. दुसऱ्या दिवशी तांबूस गंज बोटाला लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. दार उघडं ठेवून वापरायचा तर गरम कशाला करायचं?

ट्रकमध्ये बसवतात तसले डिझेल हीटर गेल्या काही वर्षांत गॅरेजांत दिसू लागलेत. त्यांची ज्वाला बंद कप्प्यात असते, जळायची हवा आणि धूर दोन्हींची नळी बाहेर काढता येते. पाच किलोवॅटच्या हीटरला तासाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल लागतं. छत केलेल्या गॅरेजला तेवढं पुरतं. आवाज येतो, आणि धुराची नळी भिंतीतून नेताना तिच्याभोवती न जळणारी कॉलर हवी.

विजेचं दोन भागांत बघा. साधा फॅन हीटर उघड्या गॅरेजात हवा तापवतो आणि ती ऊब पत्र्यातून निघून जाते. तासाला दहा युनिट जाळूनही समाधान नाही. इन्फ्रारेड पट्टी हवेच्या नादी न लागता समोरच्या माणसाला आणि टेबलाला तापवते. दीड-दोन किलोवॅटची पट्टी कामाच्या टेबलावर टांगली की खोली दहा अंशांवर असली तरी काम होतं. थोड्या तासांसाठी माझं मत यालाच. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र) एका युनिटला दोन-तीन युनिट उष्णता देतो, पण उघड्या पत्र्याखाली तो लावणं व्यर्थ. छत झालं आणि जागा कायम कोमट ठेवायची असेल तर मात्र कोळशाला खरी टक्कर तोच देतो, राख न काढता.

तरीही कोळसाच हवा असेल तर

कोळसा खात्रीने मिळतो, वीज महाग किंवा बेभरवशाची, रोज आठ-दहा तास काम, राखेचा कंटाळा नाही: असा माणूस असेल तर कोळसा घ्यावा, आणि निश्चिंत घ्यावा. आधी फक्त कायदा बघा. पोलंडमधल्या क्राकूवमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून घरगुती कोळसा आणि लाकूड दोन्ही बंद आहेत. इंग्लंडमध्ये घरगुती बिट्युमिनस कोळशाची विक्री मे २०२३ पासून पूर्ण थांबली, अँथ्रासाइट चालतो. नियम बदलत चाललेत, आणि स्टोव्ह वीस वर्षं टिकतो.

खर्चाचा मोठा भाग बहुतेकदा स्टोव्ह नसून धुराडं असतं. भिंतीला भोक पाडून बाहेर काढलेली साधी नळी चालणार नाही. थंड नळीत धूर थंडावतो, वर चढत नाही आणि उलटा आत येतो. छतातून वर जाणारी, दोन थरांची, मधे इन्सुलेशन असलेली आणि कोळशासाठी प्रमाणित नळी घ्या. छतातून बाहेर पडते तिथून ती किमान ९० सेंटिमीटर वर, आणि तीन मीटरच्या आत जे काही उंच असेल त्याहून ६० सेंटिमीटर वर हवी. जळाऊ भिंतीपासून स्टोव्ह किती लांब हवा ते त्याच्या पुस्तिकेत असतं; पुस्तिका नसेल तर ९० सेंटिमीटर धरा. आणि फटी बुजवल्यात तर जळायच्या हवेसाठी बाहेरून वेगळी वाट ठेवायला विसरू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही चैन नव्हे. धोक्याची वेळ कडाक्याच्या थंडीत नसते, ती येते हिवाळा सरताना, बाहेर ऊबदार दुपार असताना. आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक कमी झाला की धुराड्याची ओढ मंदावते आणि मंद आचेवर ठेवलेला कोळसा वायू आत सोडू लागतो. अशा दिवसांत स्टोव्ह पेटवूच नका, इन्फ्रारेडवर भागवा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, बाहेर, काँक्रीटवर ठेवा. आतला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो.

हंगाम संपला की लगेच नळ्या उतरवून झाडायच्या, पुढच्या थंडीपर्यंत थांबायचं नाही. कोळशातल्या गंधकामुळे उडत्या राखेत आम्ल तयार होतं. पावसाळी दमट हवेत ती राख ओल धरते आणि साधी पोलादी नळी आतून खात सुटते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, बोटाने दाबलं की भोक पडतं. झाडून झाल्यावर स्टोव्हचं तोंड आणि नळीचं टोक झाकून टाका, आणि आत ओल शोषणारी पुडी ठेवलीत तर आणखी चांगलं.