रिव्हरला बोर्ड पेअर झालं: चेक, छोटी बेट की मोठी?

होल्डेम पोकरमधला हा स्पॉट मला सगळ्यात जास्त छळतो. हातात बदाम राणी-गुलाम, बोर्डवर (टेबलावरचे सगळ्यांचे पत्ते) बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री, टर्नला (चौथा पत्ता) बदाम तिर्री म्हणजे फ्लश (एकाच रंगाचे, इथे बदामचे, पाच पत्ते) झाला, वर फक्त एक्क्याचा फ्लश, आणि रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) येते इस्पिक सत्ती, म्हणजे बोर्डवर सत्तीची जोडी, आणि फ्लशला हरवणारं फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) कुणाकडे असू शकतं. तीनपत्तीवरून आलेल्यांना हे लगेच टोचत नाही, कारण तिथे ज्याचे पत्ते त्याचे, इथे बोर्डवरची जोडी सगळ्यांची असते. समोरच्याकडे टर्नला सेट (हातात जोडी आणि बोर्डवर तसाच तिसरा पत्ता) असेल तर उरलेल्या ४४ पैकी १० पत्ते त्याला तारतात, जवळपास २३ टक्के. दोन जोड्या असतील तर फक्त ४ पत्ते.

समजा पॉट (मधे जमलेले पैसे) १२०० चा आणि आधी चाल आपली. बेट म्हणजे पैसे लावणं, चेक म्हणजे न लावता चाल पुढे देणं, कॉल म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच भरणं.

मोठी बेट, ९०० ची: नुसता राजा असलेला पत्ते टाकतो, फुल हाउसवाला ऑल-इन करतो (सगळ्या चिप्स लावतो), मधे पैसे देणारे उरतात छोटे फ्लश आणि एक्का-सत्तीवाले. परवा मित्राच्या घरी मी हेच केलं, सत्ती पडल्या पडल्या समोरच्याची नजर बोर्डवरून सरळ स्वतःच्या चिप्सवर गेली, मी ते बघितलं आणि तरी ९०० टाकले, त्याच्याकडे दुर्र्यांचा सेट होता. जो काहीही धरून कॉल करतोच, त्याच्यासमोरच ही बेट ठेवा.

चेक करून कॉल: त्याने ६०० लावले तर चारात एकदा जिंकलो तरी बरोबरी होते, त्यामुळे सतत ब्लफ मारणाऱ्यासमोर हेच बेस्ट. पण शांत खेळणारा राजावाला मागून चेक करतो आणि आपल्याला एक चिपसुद्धा जास्त मिळत नाही.

छोटी बेट, ३०० ची: माझं मत बहुतेक वेळा हिलाच. राजावाला कॉल करतो, सत्तीवाला करतो, आणि किंमत आपण ठरवतो. वर रेझ (आपल्या बेटपेक्षा मोठी बेट) आला तर घरगुती टेबलवर तो जवळजवळ नेहमी फुल हाउस असतो, जीव जळला तरी फोल्ड करा, म्हणजे पत्ते टाका. टर्नलाच त्याने रेझ केला असेल तर मात्र ३०० पण नको, चेक.

अजून एक, कुठला पत्ता जोडीला आला ते बघा. सेटवाल्याला कुठलाही चालतो, पण राजा परत आला तर एक्का-राजा, राजा-दश्शीवाल्यांचे तीन राजे होतात आणि ते आनंदाने पैसे देतात, तिथे मी अर्ध्या पॉटपर्यंत जातो.