रॉयस लुईस : दोन हंगाम फँटसी संघात ठेवल्यानंतरचा अनुभव

मिनेसोटा ट्विन्स या अमेरिकन बेसबॉल संघाकडून तिसऱ्या बेसवर खेळणाऱ्या रॉयस लुईसला मी मार्च 2024 मध्ये, न्यू जर्सीतील आमच्या कार्यालयाच्या बारा संघांच्या लीगमध्ये, पाचव्या फेरीत (प्रत्येक फेरीत प्रत्येक संघ एकेक खेळाडू घेतो, आणि फेरी जितकी आधीची तितकी किंमत मोठी) निवडले आणि 2025 चा हंगाम संपताच सोडून दिले. आयपीएलच्या काळात रोज नवा संघ लावण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी सांगतो, की आमच्यासारख्या बेसबॉलच्या फँटसीत एकदा घेतलेला खेळाडू, सोडला किंवा अदलाबदलीत दिला नाही तर, 162 सामन्यांच्या संपूर्ण हंगामभर आपल्याच गळ्यात असतो. आमच्याकडे फलंदाजांच्या धावा, होमरन (सहसा चेंडू कुंपणापार धाडणारा फटका), आरबीआय (आपल्या फलंदाजीवर संघाला मिळवून दिलेल्या धावा), चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेला पुढचा बेस) आणि सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण) असे पाच रकाने मोजले जातात आणि दुखापतग्रस्तांसाठी प्रत्येक संघाला दोनच जागा मिळतात. हा दुसरा नियम लक्षात ठेवावा, कारण माझे नुकसान मुख्यतः तिथेच झाले.

पाचव्या फेरीइतकी किंमत मी का मोजली, हे आधी सांगायला हवे. 2017 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत) सर्वांत पहिला निवडला गेलेला हा मुलगा 2021 च्या फेब्रुवारीत उजव्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटल्याने वर्षभर बाहेर बसला; मे 2022 मध्ये मुख्य लीगमध्ये आला आणि जेमतेम 12 सामने खेळून, सेंटर फिल्डमध्ये झेल घेताना भिंतीवर आदळल्याने तोच अस्थिबंध पुन्हा फाडून बसला. एवढे सोसून 2023 मध्ये परतल्यावर त्याने 58 सामन्यांत .309 ची सरासरी, 15 होमरन आणि 52 आरबीआय नोंदवले, त्यांत चार ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर सहकारी असताना मारलेले, चार धावांचे होमरन) होते, आणि ऑक्टोबरमध्ये टोरोंटोविरुद्धच्या पहिल्याच प्लेऑफ सामन्यात पहिल्या दोन्ही संधींना चेंडू प्रेक्षकांत धाडला. ट्विन्सने त्या दिवशी प्लेऑफमधील सलग 18 पराभवांची मालिका तोडली. अशा वेळी माणूस कॅल्क्युलेटर काढतो : 58 सामन्यांत 15, तर 162 सामन्यांत जवळजवळ 42. मीही काढला.

या गुणाकारातील एक चूक मला तेव्हाच दिसायला हवी होती. चार ग्रँड स्लॅम म्हणजे चार फटक्यांत 16 आरबीआय, म्हणजेच 52 पैकी जवळपास एक तृतीयांश. बेस भरलेले असताना फलंदाजीला येणे त्याच्या हातात नव्हते, आणि पुढच्या वर्षी तसे घडेलच असे मानण्याला आधार नव्हता.

28 मार्च 2024 रोजी, कॅन्सस सिटीतील सलामीच्या सामन्यात, त्याने पहिल्याच संधीला होमरन मारला. आमच्या कार्यालयात मी तो क्षण दोन जणांना दाखवत होतो, आणि त्यानंतर थोड्याच वेळात सहकारी कार्लोस कोरियाच्या फटक्यावर दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे धावताना लुईस लंगडू लागला. उजव्या मांडीच्या पुढच्या स्नायूला गंभीर ताण असे निदान झाले आणि तो 4 जूनपर्यंत मैदानात आला नाही. माझ्या दुखापतींच्या दोन जागांपैकी एक त्याने अडवली. एप्रिलच्या शेवटी माझे आणखी दोन खेळाडू जायबंदी झाले, तेव्हा त्यांतला एक मला सोडून द्यावा लागला, आणि तो जुलैत दुसऱ्या कुणाच्या संघाला उत्तम उपयोगी पडला. लुईसच्या दुखापतीचा खर्च त्याच्या स्वतःच्या नावापुढे कधीच दिसत नाही. तो असा दुसऱ्याच खेळाडूच्या नावावर पडतो.

परतल्यानंतरचा जून मात्र खरोखर सुखाचा होता. जुलैच्या आरंभी मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू दुखावून तो पुन्हा थांबला, तेव्हा त्याच्या नावावर 24 सामन्यांत 10 होमरन होते, आणि मी आलेले दोन चांगले अदलाबदलीचे प्रस्ताव नाकारले होते. जुलैच्या अखेरीस तो आला तो वेगळाच फलंदाज म्हणून. हंगाम संपला तेव्हा 82 सामने, .233 सरासरी आणि 16 होमरन असा हिशेब होता. म्हणजे उरलेल्या 58 सामन्यांत केवळ सहा. सामन्यांची संख्या नेमकी 2023 इतकीच असावी, हा योगायोग मला बराच काळ टोचत राहिला. चोरलेल्या बेसच्या रकान्यात वर्षभरात शून्य. शेवटी त्याला काही सामने दुसऱ्या बेसवरही उतरवले गेले, पण मला त्याचा उपयोग झाला नाही.

तरीही मी त्याला 2025 साठी राखून ठेवले. आमच्या नियमाप्रमाणे राखलेला खेळाडू एक फेरी वरचा धरला जातो, म्हणजे या वेळी चौथी फेरी गेली. राखलेल्या खेळाडूंची नावे देण्याची मुदत संपल्यानंतर, मार्चच्या मध्यावर, सरावसामन्यात पहिल्या बेसकडे धावताना त्याच्या डाव्या हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूला, ताण आला. तो 6 मे रोजी परतला आणि जूनच्या मध्यास त्याच पायाच्या त्याच स्नायूने पुन्हा दगा दिला. गुडघा एकदाही तक्रार न करता टिकला आणि आजूबाजूचे स्नायू एकामागून एक गेले, याचे वैद्यकीय स्पष्टीकरण देण्याचा माझा अधिकार नाही. पण संघ लावणाऱ्याने गुडघ्याच्या जुन्या अहवालापेक्षा मांडीवर लक्ष ठेवावे, एवढे मी अनुभवाने म्हणू शकतो.

ज्या गोष्टीने मला त्याला सोडायला लावले, ती मात्र दुखापत नव्हती. 2025 मध्ये तो 106 सामने खेळला, तोपर्यंतचे त्याचे सर्वाधिक, आणि होमरन आले 13, सरासरी .237. 2023 मध्ये चार सामन्यांच्या आत एक होमरन येत असे, 2024 मध्ये पाच सामन्यांना एक, आणि 2025 मध्ये आठ सामन्यांना एक. ‘फक्त तंदुरुस्त राहिला पाहिजे’ हे वाक्य मी दोन वर्षे इतरांना ऐकवत होतो, आणि तो अधिकाधिक खेळू लागला तसतसा त्याचा फटका आटत गेला. त्याच्या 12 चोरलेल्या बेसनी मला आश्चर्याचा धक्का दिला, कारण त्या पायांकडून मी ती अपेक्षाच सोडून दिली होती.

2026 च्या दृष्टीने पाहता परिस्थिती संमिश्र आहे. जुलै 2025 च्या अखेरीस ट्विन्सने कोरियासह बरेच खेळाडू देऊन टाकले, संघाने 70 सामने जिंकून 92 गमावले, आणि बायरन बक्स्टन वगळता लुईसच्या पुढे बेसवर पोहोचणारे फलंदाज फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे आरबीआयच्या रकान्याबाबत मी आशावादी नाही. दुसरीकडे 2026 च्या हंगामाच्या आरंभी वय अवघे 26 आणि जागेसाठी त्याला स्पर्धा करावी लागणार नाही. माझ्यापुरता हिशेब असा : 115 सामने, 16 ते 18 होमरन, दहाच्या आसपास चोरलेले बेस आणि .240 च्या जवळची सरासरी धरून, पंधराव्या फेरीनंतर तो उरला असेल तर घेईन, आणि त्याच दिवशी शेवटच्या फेरीत तिसऱ्या बेसवरचा एक कंटाळवाणा पण रोज खेळणारा खेळाडूही घेऊन ठेवीन.