निळ्या स्टिकरचे तीन हजार, आणि त्यानंतरचे साडेअडतीस हजार

सांगलीच्या गावभागातली आमची गल्ली अशी, की दोन चारचाकी समोरासमोर आल्या तर एकीला तोंडापर्यंत मागं घ्यावी लागते. वाडे जुने, दिंडीदरवाजे माणसांच्या मापाचे. गाडी आत घ्यायची सोय एकाही घराला नाही, तरी गल्लीत अकरा गाड्या होत्या. बारावी आमची. सासूबाईंना आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिसला न्यावं लागतं आणि परत येताना रिक्षात त्यांना गरगरायचं, म्हणून जुनी वॅगन-आर घेतली. ती लावायची कुठं, हा प्रश्न त्या दिवसापासून रोज संध्याकाळी घरात. समोरच्या काकूंच्या पायरीपुढं चाक आलं की त्या बोलायच्या. एकदा सकाळी आरशाची काच फुटलेली दिसली. कुणी फोडली ते विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर गल्लीत राहणं अवघड झालं असतं.

हे सगळं आधी सांगते, कारण तो माणूस नेमकी हीच काळजी ओळखून आमच्या दारात आला होता.

मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं होतं, की पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. विषय मुंबईच्या पार्किंगचा होता आणि बोलणं नव्या गाड्यांचं होतं. पण आमच्या गल्लीपर्यंत बातमी पोचली ती ‘आता सगळ्यांना पार्किंगचा दाखला लागणार’ अशी. महिनाभर कट्ट्यावर तोच विषय.

श्रावणातल्या एका शनिवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, शाळेतून येऊन मी नुकती पानं घेत होते. दारात तिशीचा माणूस. इस्त्रीचा आकाशी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात लांबडं रजिस्टर आणि कार्बन घातलेलं पावतीपुस्तक. “मॅडम, महापालिकेकडून पार्किंगचा सर्व्हे आहे. ही एमएच दहाची पांढरी गाडी तुमचीच ना?” गाडी दारातच होती, नंबर कुणालाही दिसत होता. पण त्या क्षणी मला वाटलं, याच्याकडं नोंद आहे.

त्यानं रजिस्टर उघडून दाखवलं. आमच्या गल्लीतली पाच-सहा आडनावं, समोर लाल पेनानं बरोबरच्या खुणा. “यांचं झालंय. तुमचं आणि समोरच्यांचं राहिलंय. रहिवासी परवाना घेतला की दारापुढची जागा तुमच्या नावावर. शिवाय पी-वन, पी-टूची सम-विषम तारीख बघायला नको, शहरात कुठंही चालतो. मुदत सोमवारपर्यंत, मग जुन्या गाड्यांनाही दंड.” वर्षाचे २,४०० आणि ‘जागा आखणी’चे ६००. बोलणं अतिशय नम्र. सासूबाईंना सुई टोचलेल्या हाताला पट्टी होती ती बघून म्हणाला, “आजींसाठी तर हे घ्याच.” त्या वाक्यानं माझा निर्णय झाला.

आरसी, आधार यांच्या झेरॉक्स दिल्या. अर्जावर यजमानांचा मोबाइल नंबर लिहिला. त्याच्या मोबाइलवरचा क्यूआर स्कॅन केला तर एका साध्या व्यक्तीचं नाव आलं. मी थांबले. “ठेकेदाराचं खातं आहे, मॅडम,” तो लगेच म्हणाला. मी पिन टाकला.

पावती अजून डोळ्यांपुढं आहे. पातळ गुलाबी कागद, वर ‘सांगली महानगरपालीका’, त्यातली ‘ली’ दीर्घ. आपल्या महापालिकेचं नाव ‘सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका’ आहे. १९९८ पासून तिन्ही गावांची मिळून एकच आहे. मी पंचवीस वर्षं मुलांच्या वह्यांतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढते आहे. ती ‘ली’ मला दिसली होती. छापखान्याची चूक असेल म्हणून पावती घडी करून ठेवली. नाव चुकीचं असलेली सरकारी पावती म्हणजे खोटी पावती, एवढं त्या वेळी माझ्या मनात यायला हवं होतं.

स्टिकर निळा, तळहाताएवढा, कोपऱ्यात चकाकणारी पट्टी. काचेवर लावला आणि खरं सांगते, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी काकू चाकावरून बोलल्या तेव्हा मी म्हणाले, “काकू, आता परवाना आहे आमच्याकडं.” त्या गप्प आत गेल्या. तीन दिवसांनी त्यांच्या मुलाच्या गाडीलाही निळा स्टिकर. त्यांनी त्या माणसाला फोन करून बोलावून घेतलं होतं, माझ्या काचेवरचा स्टिकर बघून. माझे पैसे गेले त्यापेक्षा हे मला जास्त लागलं आहे.

गणपतीच्या खरेदीला हरभट रोडला गेलो. त्या दिवशी ज्या बाजूला लावायची नव्हती त्याच बाजूला जागा होती. स्टिकर आहे म्हणून निर्धास्त लावली. परत आलो तर पुढच्या चाकाला जॅमर. वाहतूक शाखेच्या हवालदारांना मी मोठ्या आवाजात स्टिकर दाखवला. त्यांनी तो वाचला, नखानं कोपरा उचलून बघितला आणि सावकाश म्हणाले, “बाई, असा पास मी पहिल्यांदाच बघतोय. पावती आहे का? घेऊन पोलीस ठाण्यात या.” दंड ५०० रुपये, दुसऱ्यांदा सापडलात तर १,५००, हेही त्यांनीच सांगितलं. मोबाइलवर चलनाचा मेसेज आला. पैसे नंतर भरू म्हणून आम्ही घरी आलो.

सोमवारी महापालिकेत गेले. खिडकीतल्या कारकुनांनी पावती उलटीपालटी केली. असा परवाना निघालेला नाही, असं पावतीपुस्तक आमचं नाही, आणि घरोघर फिरून पार्किंगचे पैसे घ्यायला कुणालाही पाठवलेलं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्याकडूनच एक गोष्ट नीट कळली. दारापुढचा रस्ता सार्वजनिक आहे, तो कुणाच्या नावावर होत नाही. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला चलन करतात ते पोलीस, मोटार वाहन कायदा १९८८ खाली. धोक्याच्या जागी गाडी सोडण्याबद्दल कलम १२२, गाडी उचलून नेण्याबद्दल कलम १२७. घरी येऊन पैसे घेतल्यानं या कलमांतून सूट मिळेल असा कुठलाही कागद नाही. हे मी आधी, पैसे द्यायच्या आदल्या दिवशी, त्याच खिडकीवर विचारू शकले असते. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं अंतर आहे.

इथं थांबलं असतं तरी पुरे होतं. पण अर्जावरचा मोबाइल नंबर त्या स्टिकरवाल्याकडं होता.

चार दिवसांनी रात्री यजमानांच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. फोटोच्या जागी राजमुद्रा, आमच्या गाडीचा बिनचूक नंबर, ‘आपले चलन प्रलंबित आहे, तीन दिवसांत गाडी जप्त होईल’, आणि खाली ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल. शेवटी एपीके, म्हणजे फोनवर अॅप बसवणारी फाइल. चलन खरंच थकलेलं होतं, त्यामुळं त्यांना शंकाच आली नाही. त्यांनी फाइल उघडली. ती मेसेज वाचायची परवानगी मागत होती, त्यांनी दिली. मग एक रुपया भरायला कार्डाचा तपशील मागितला, तोही दिला. स्क्रीन गोल फिरत राहिली, ते फोन उशाशी ठेवून झोपले. पहाटे खात्यातून दोन वेळा मिळून ३८,५०० रुपये गेले. ओटीपीचे मेसेज आले असणार, पण ते फोनवर दिसलेच नाहीत. ते अॅप परस्पर पुढं पाठवत होतं.

भाच्यानं फोनवरून सांगितलं म्हणून आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद केलं आणि लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावला. व्यवहारांचे क्रमांक विचारतात, ते हाताशी ठेवा. तक्रार नोंदल्याचा क्रमांक येतो, तो जपून ठेवा. साडेसहाला फोन केला म्हणून ११,००० रुपये समोरच्या खात्यात गोठले. बाकीचे तोवर पुढं गेले होते. ते ११,००० परत मिळावेत म्हणून कोर्टात अर्ज दिला आहे. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक बँकेतच वाचायला मिळालं: आपणच तपशील दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेनं एक तासही घालवू नका. आमच्या ओळखीतल्या एकांनी ‘मुलगा काय म्हणेल’ म्हणून दोन दिवस घालवले.

स्टिकर देणारा आणि मेसेज पाठवणारा एकच होता का, ते पोलिसांनाही अजून सांगता येत नाही. पण खरं चलन कसं असतं ते आता आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. त्यासाठी कुठलं अॅप बसवावं लागत नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’नं संपतो, तो मेसेजमधून न उघडता स्वतः टाइप करायचा, गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे घालायचे. आपल्या नावावर चलन असेल तर तिथं तारीख, वेळ, ठिकाण आणि बहुतेक वेळा गाडीचा फोटो दिसतो. आमचं हरभट रोडचं चलन तिथंच दिसलं, ५०० रुपये, आणि तिथंच भरलं.

काकूंकडं मी स्वतः गेले. त्यांना सगळं सांगितलं, त्यांचे ३,००० गेले ते माझ्यामुळं हेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “मला त्यानं तुझं नाव दाखवलं, तुला कुणाचं दाखवलं?” एवढंच विचारलं. मग आम्ही दोघी त्या रजिस्टरातली मला आठवत होती ती आडनावं धरून घरोघर गेलो. ज्या दिवशी तो माझ्याकडं आला होता, त्या दिवसापर्यंत त्यांतल्या एकानंही पैसे भरलेले नव्हते. लाल खुणा आमच्यासाठीच काढलेल्या होत्या. नंतर मात्र, निळे स्टिकर दिसायला लागल्यावर, चौघांनी भरले.

सगळ्यांनी मिळून फसवणुकीची तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. आमच्या पावतीचा क्रमांक १४७ आहे, काकूंची १६३. मधल्या पंधरा पावत्या आणि आधीच्या एकशे सेहेचाळीस कुणाच्या घरी आहेत, ते आम्हाला माहीत नाही. गावभाग, खणभाग, पेठांमध्ये कुणाच्या काचेवर निळा स्टिकर असेल तर तो काढून फेकू नका. पावती आणि यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि आधीची तक्रार आहे असं सांगा. तक्रारीवर आतापर्यंत सहा सह्या आहेत.