झिरकोनियाच्या पैशात धातूचा ब्रिज

खालच्या डाव्या बाजूची माझी पहिली दाढ काढलेली होती. तिच्या जागी तीन दातांचा ब्रिज बसवायचा ठरलं: पुढचा आणि मागचा दात घासून आधाराला घ्यायचे, मध्ये खोटी दाढ. क्लिनिकने दोन भाव सांगितले. धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप दाताला 3,500 रुपये, सॉलिड झिरकोनिया दाताला 9,000. मी सॉलिड झिरकोनिया सांगितला, 27,000 रुपये भरले आणि तोंडात बसला तो 3,500 वाला.

क्लिनिकचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पद्धत मात्र सविस्तर लिहितो. इंदूरमध्ये आपली मंडळी डॉक्टर शोधतात ते एकमेकांना विचारूनच. राजेंद्रनगरात एकाच्या तोंडात ब्रिज बसला की वर्षभरात अर्धी गल्ली त्याच खुर्चीत जाऊन बसते.

पहिली शंका आली ती आरशासमोर. हिरडीला लागून, कॅपच्या कडेला बारीक करडी रेघ दिसू लागली. क्लिनिकमध्ये म्हणाले, हिरडी थोडी खाली गेली आहे, वयाने होतं. पुढे संक्रांत आली आणि तिळाच्या कडक वडीने उरलेलं काम केलं. मधल्या दाढेचा टवका उडाला. आत पांढरं काही नव्हतं, मळकट पोलादी रंग होता. माझं आयुष्य वीज मंडळात गेलं. पोर्सिलेनचे फुटके इन्सुलेटर पोत्याने पाहिलेत, त्यामुळे वरचं चिनीमातीचं आणि खालचं धातूचं, एवढं कळायला मला दंतवैद्य लागत नव्हता.

क्लिनिकमध्ये याचं उत्तर तयार होतं. "अंकल, झिरकोनिया में भी अंदर बेस तो रहता ही है." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच माणूस गप्प बसतो.

भाच्याचा एक वर्गमित्र दातांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्याच्याकडे बसून हा माल तयार होतो कसा ते सगळं पाहिलं, आणि मगच त्या वाक्यातली मखलाशी कळली.

झिरकोनिया म्हणजे झिर्कोनियम डायऑक्साइड. धातूचं ऑक्साइड असलं तरी स्वतः धातू नाही. पांढरं सिरॅमिक आहे. त्यात थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. लॅबमध्ये तो येतो गोल चकतीच्या रूपात, 98 मिलिमीटर व्यासाची, जाडी वेगवेगळी. कारखान्यात तिला अर्धवटच भाजलेलं असतं, त्यामुळे हातात घेतली की खडूसारखी लागते, नखाने ओरखडा जातो. तुमच्या दातांच्या मापात प्लास्टर ओतून तयार झालेले साचे स्कॅन करतात, किंवा डॉक्टरकडे तोंडातला स्कॅनर असेल तर थेट फाइलच येते. मग कॉम्प्युटरवर कॅपचा आकार बसवायचा. मशीनमध्ये चकती अडकवली की बारीक बर, म्हणजे कोरायची फिरती टोकं, तिला चहूबाजूंनी कोरत जातात आणि पांढरी पूड व्हॅक्यूमने ओढली जाते.

त्यानं कोरलेला एक ब्रिज हातात दिला तेव्हा मला वाटलं माप चुकलं. तो प्लास्टरच्या साच्यापेक्षा चांगलाच मोठा होता. चुकलेलं काही नव्हतं. भट्टीत झिरकोनिया लांबी-रुंदी-उंची तिन्हीकडून साधारण वीस टक्के आकसतो, म्हणून आधीच तेवढा मोठा कोरतात. किती मोठा, तो आकडा प्रत्येक चकतीवर छापलेला असतो, 1.2 च्या आसपास. चकतीगणिक दशांश चिन्हानंतरचे आकडे बदलतात. दुसऱ्या चकतीचा आकडा घातला तर कॅप एकतर दातावर जात नाही किंवा सैल बसते.

कोरून झालं की रंगाचं द्रावण ब्रशने लावतात. चकती आधीच रंगाच्या थरांची असेल तर त्याची गरज नसते. मग सुकवून भट्टीत. साधारण 1,500 अंश सेल्सिअस. चढवायचं हळू, वर दोन-एक तास ठेवायचं, उतरवायचंही हळू. म्हणून हे काम रात्रभर चालतं. झटपट भाजण्याची चक्रंही आहेत, पण हा मुलगा लांब ब्रिजला ती वापरत नाही. सकाळी जे बाहेर येतं ते त्या खडूशी नातं सांगत नाही. त्याने एक रद्द झालेली कॅप फरशीवर आपटून दाखवली. काही झालं नाही. तडा जाऊ लागला की त्या टोकाशी झिरकोनियाचे कण स्फटिकाची रचना बदलून किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. हा गुण 1975 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मांडला. शेवटी डाग-छटा, ग्लेझ आणि पॉलिश.

आता 'बेस'चं. झिरकोनियाच्या कॅपा दोन तऱ्हेच्या असतात. एक सॉलिड, म्हणजे आतून बाहेरून एकच पदार्थ, वर पोर्सिलेन नाहीच. दुसरी थरांची: आत झिरकोनियाची पातळ टोपी, वर हाताने चढवलेलं पोर्सिलेन. पुढच्या दातांना नैसर्गिक झाक हवी असते तेव्हा चांगले डॉक्टरही दुसरी वापरतात, आणि त्यात गैर काही नाही. तिला 'बेस' असतो हे खरं. पण तो बेसही पांढराच असतो. करडा बेस फक्त धातूच्या कॅपला. आणि ज्याला सॉलिड म्हणून पैसे घेतले त्याला कसलाच बेस नसतो, त्यामुळे त्याचा वरचा थर उडण्याचा प्रश्नच येत नाही. मला सांगितलेलं वाक्य दुसऱ्या वस्तूबद्दलचं होतं, आणि तिच्याबद्दलही पुरतं खरं नव्हतं.

धातूवरच्या पोर्सिलेनला मी नावं ठेवत नाही. 1960 च्या दशकापासून जगभर तेच बसवत आले आहेत, आमच्या आत्याबाईंनी त्यावर वीस वर्षं सुपारी फोडली. पण 3,500 ची वस्तू 3,500 लाच विकावी. शिवाय पोर्सिलेनला जागा लागते म्हणून त्या कॅपसाठी दात जास्त घासावा लागतो, सॉलिड झिरकोनियाला कमी. माझे दोन धडधाकट दात जितके घासले गेले त्याची भरपाई कुठल्या आयोगात होत नाही.

दुसऱ्या खेपेला क्लिनिकने एक्स-रे काढला आणि फिल्म उजेडाकडे धरून दाखवली: "देखिए, एकदम सफ़ेद आया, मतलब झिरकोनिया." हेही लक्षात ठेवा. एक्स-रेवर धातू पांढरा दिसतो आणि झिरकोनियाही पांढराच दिसतो. त्या फिल्मवरून रुग्णाला काहीच कळत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी चुंबकाची युक्तीही सोडा. कॅपांना वापरतात त्या निकेल-क्रोमियमला चुंबक सहसा धरत नाही, म्हणजे 'चिकटलं नाही, झिरकोनियाच' असा उलटाच निष्कर्ष निघतो.

तिसरं शस्त्र वॉरंटी कार्ड. प्लास्टिकचं, चकाकतं, वर कंपनीचं नाव, 15 वर्षं, खाली खरवडून काढायचा नंबर. कार्ड बनावट नव्हतं, आणि हाच भाग मला सगळ्यात हुशारीचा वाटला. नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर नोंद सापडली: एक कॅप, वरच्या जबड्यातली. माझा ब्रिज तीन दातांचा आणि खालचा. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या कॅपचं कार्ड माझ्या हातात ठेवलं होतं. त्या बिचाऱ्याला कार्ड मिळालं की नाही देव जाणे. तेव्हा कार्ड मिळालं की नंबर तिथेच, खुर्चीतून उठण्याआधी टाकून पाहा, आणि दात किती, कुठले, हे जुळवा. नुसतं 'व्हॅलिड' आलं म्हणून समाधान मानू नका.

मग मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी फोटो काढले, तपासणीचा कागद लिहून दिला आणि मगच ब्रिज कापला. भट्टीतून निघालेला झिरकोनिया कापायला डायमंड बर, भरपूर पाणी आणि बराच धीर लागतो. माझा वरचा थर डायमंडने गेला, पण खाली कार्बाइड बर लावावा लागला आणि करडा कीस पडला. तुकडे त्यांनी झिपच्या पाकिटात घालून तारीख, सही करून दिले. कापलेल्या कडेला भिंगाखाली तीन पट्टे स्वच्छ दिसतात: आत धातू, त्यावर धातूचा काळेपणा झाकायला दिलेला खडूसारखा पांढरा पातळ थर, त्यावर दाताच्या रंगाचं पोर्सिलेन. हे तुकडे फेकू देऊ नका. दुसरा डॉक्टर 'कशाला हवेत' म्हणाला तरी मागून घ्या.

आता लबाडी नेमकी कुठे होते ते. माप क्लिनिकमधून लॅबमध्ये जातं तेव्हा बरोबर एक लॅब स्लिप जाते. कुठला पदार्थ, कुठले दात, कुठली शेड, सगळं त्यावर असतं. आमचा टेक्निशियन म्हणाला, "काका, स्लिपवर लिहिलंय ते आम्ही करतो, पेशंटला काय सांगितलं ते आम्हाला कुठे कळतंय." रुग्ण लॅबला भेटत नाही, लॅब रुग्णाला. मधल्या खोलीत एकटं क्लिनिक. आणि वस्तू हातात न देता थेट तोंडात सिमेंटने चिकटवली जाते. मी स्लिपची आणि लॅबच्या बिलाची प्रत मागितली तेव्हा 'वो रिकॉर्ड में नहीं रहता' असं उत्तर मिळालं. कार्ड मात्र रेकॉर्डमध्ये होतं.

म्हणून सिमेंट लावण्याआधी ब्रिज तळहातावर मागा. चाचणीला तो एकदा तोंडात बसवून पाहतातच, तेव्हा मागायला संकोच नको. उलटा करून आतली बाजू पाहा. सॉलिड झिरकोनिया आतूनही पांढरा किंवा दाताच्याच रंगाचा असतो. धातूवाल्याचं आतलं अंग करडं, आणि ते लपवायला जागाच नाही. मोबाइलचा टॉर्च आतून धरा: झिरकोनियातून मंद उजेड बाहेर येतो, धातूतून अजिबात नाही. याने सॉलिड की थरांचा हे कळत नाही, ते स्लिपवरच पाहावं लागतं. पण धातू आहे की नाही हे तिथल्या तिथे निकालात निघतं. फोटो काढून ठेवा.

बरोबर आणखी एक गोष्ट, फसवणुकीच्या जरा अलीकडची. जाहिरातीत '1,200 मेगापास्कल मजबुती' आणि 'अगदी खऱ्या दातासारखा पारदर्शक' हे एकाच वाक्यात येतं. कमी यट्रियाचा (म्हणजे त्या यट्रियम ऑक्साइडचा) झिरकोनिया तेवढा मजबूत असतो, 1,000 ते 1,200, पण जरा अपारदर्शक दिसतो. यट्रिया वाढवला की झाक येते आणि मजबुती 500 ते 700 च्या घरात उतरते. थरांच्या चकत्या दोन्हींचा मेळ घालतात, तरी फुकटात काही मिळत नाही. मागच्या दाढांच्या ब्रिजला कुठली चकती वापरणार, हे सरळ विचारा. माहितगार डॉक्टर दोन वाक्यांत सांगतो. आणि चावा जुळवण्यासाठी बसवल्यावर कॅप घासली, तर परत पॉलिश करून घ्या. खरखरीत झिरकोनिया समोरच्या दाताला झिजवतो.

बिलावर काय लिहिलंय ते पाहा. माझ्या बिलावर नुसतं 'ब्रिज 3 युनिट' होतं. सुदैवाने भाव विचारला तेव्हाचं उत्तर व्हॉट्सॲपवर आहे, 'सॉलिड झिरकोनिया 3 युनिट 27,000', आणि आता सगळा डोलारा त्या एका ओळीवर उभा आहे.

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलं आहे, आणि दंतवैद्य त्याला अपवाद नाहीत. 2019 च्या कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ऑनलाइनही दाखल होते, वकील सक्तीचा नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस.

नोटीस पोचली तशी फोन आला. "अरे भिया, आप तो नाराज़ हो गए. दस हज़ार ले लो, बात ख़तम करो." मी म्हटलं, कशाबद्दलचे दहा हजार ते क्लिनिकच्या लेटरहेडवर लिहून द्या, लगेच येतो. त्यावर फोन ठेवला. लेटरहेड आलेलं नाही. तक्रार दाखल आहे, तुकड्यांचं पाकीट, कार्डाची झेरॉक्स आणि डॉक्टरीणबाईंचा कागद तिच्याबरोबर जोडला आहे. नवा ब्रिज त्यांच्याकडेच केला. लॅबच्या बिलाची प्रत त्यांनी न मागता दिली. नोटिशीचा मसुदा मी स्वतः लिहिला होता, मराठीतून हिंदीत करताना जरा लांबला. राजेंद्रनगरातल्या कुणाला लागला तर घरी येऊन घेऊन जावा.