जुनं '३५७' की नवं '३२'?

पुतण्याचा शस्त्र परवाना मंजूर झाला आणि त्याने विचारलं, "काका, तुमच्यासारखंच जुनं दणकट रिव्हॉल्वर घेऊ, की नवं?" माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २८ आहे, .३५७ मॅग्नम, चार इंची नळी. त्याच्या डोळ्यांसमोर कानपूरचं 'प्रबल', .३२ बोअर. (हे आकडे म्हणजे नळीच्या तोंडाचा अंदाजे व्यास, इंचात.)

मॉडेल २८ म्हणजे 'एन फ्रेम', मोठ्या चौकटीचं. .४४ मॅग्नमही याच चौकटीवर बसतं, म्हणून वजन १२०० ग्रॅमच्या आसपास. प्रबल ७०० ग्रॅमचं, नळी ७६ मिलिमीटर. रात्रपाळीची लाइट आली की उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या कमरेला हा फरक लगेच कळतो. माझं धूड विजार खाली ओढतं, बसताना मूठ बरगडीत टोचते. पण झाडायची वेळ आली की हेच वजन कामी येतं. .३५७ ची गोळी .३२ च्या चौपटीहून जास्त ऊर्जेने सुटते, तरी धक्का निम्माअर्धा लोखंडच पिऊन टाकतं. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. कानाला संरक्षण न लावता सराव करू नये.

बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी काडतुसं कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच. .३२ ची काडतुसं आपल्या खडकीत बनतात. .३५७ ची परदेशी. दुकानदाराकडे असली तर असली, आणि भाव तो सांगेल तो. अमेरिकेत लोक यात .३८ स्पेशल हे कमी ताकदीचं काडतूस घालून स्वस्तात हात बसवतात; इथे त्या भरवशावर राहू नका. मी वर्षाकाठी जेमतेम डझनभर राउंड झाडतो, तेही जिवावर येतं. ज्या हत्याराने सराव परवडत नाही ते नेमक्या वेळी हातात परकंच वाटणार. म्हणून पुतण्याला सांगितलं, प्रबल घे. नेमबाजी शिकायची म्हणत असशील, तर तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या नेमबाजांच्या कोल्हापुरात राहतोस खरा, पण तो खेळ .२२ चा, त्याचं हत्यारही वेगळं.

एवढं ऐकूनही ज्यांना जुनंच हवं असेल, त्यांनी नीट पारखून घ्यावं. मॉडेल २८ चं उत्पादन १९८६ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात नवा नगही चाळिशीला टेकलेला. आधी रिकामं आहे ना, हे स्वतः बघा. मग मागचा घोडा अंगठ्याने सावकाश ओढा. तो अडकायच्या आत सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, खटकन जागेवर बसायला हवा. सहाही चेंबरला, म्हणजे काडतुसाच्या घरांना, हेच करून बघा. सिलिंडर पुढे-मागे हलतो का, नळीच्या मागच्या तोंडाला भेगा आहेत का, वरच्या पट्टीवर ज्वाळेने खाच पाडली आहे का, हेही तपासा. बाजूच्या स्क्रूंची तोंडं चेपलेली दिसली, तर कुणीतरी घरीच उघडून बसलं होतं असं समजा. मी पाहिलेल्या पहिल्या नगाचा मालक सिनेमातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करायचा. बिजागरीचा दांडा वाकला होता. नमस्कार करून परत आलो.

व्यवहार खासगी असेल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तोवर पैसे मोजून मोकळे होऊ नका. शिवाय शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. शोभेसाठी एक जागा अडवायची का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

जुन्या ब्लूइंगला, म्हणजे लोखंडावरच्या निळसर-काळ्या थराला, आपला पावसाळा सोसत नाही. चामड्याच्या म्यानात ठेवून दिलं की ओल धरते आणि श्रावणापर्यंत तांबूस ठिपके उमटतात. कोल्हापुरी चामडं पायातच बरं! निवडणुकीत शस्त्र जमा करायची नोटीस आली, तर देण्याआधी नळीतून तेलाचा बोळा फिरवा आणि तेलकट फडक्यात गुंडाळूनच द्या. परत कधी मिळेल ते निकालावर, आणि आपल्याकडे निवडणुका काय, एक संपली की दुसरी असतेच.