ई-केवायसीच्या नावाखाली बोट लावून घेतलं आणि खातं रिकामं केलं

ठसा घ्यायचं मशीन घेऊन कोणी "पीएम किसानची केवायसी करायला आलोय" म्हणत दारात आला, तर त्याला आधी परत पाठवा. आमच्या आत्यांचे दोन हप्त्यांचे पैसे असेच गेले.

त्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र होतं. त्याने आधार कार्ड घेतलं, बँक कोणती ते विचारलं आणि बोट लावायला सांगितलं. "उमटलं नाही मावशी, पुन्हा लावा." शेतात राबलेल्या हातांचे ठसे खरंच लवकर उमटत नाहीत. रेशन दुकानातही त्यांना हेच ऐकायची सवय, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. प्रत्यक्षात ठसे उमटत होते आणि पैसे निघत होते. वर केवायसीची फी म्हणून रोख घेतली ती वेगळी. कष्टाने झिजलेल्या बोटांचाच त्याने फायदा घेतला, याची चीड अजून जात नाही.

खात्याला जुना मोबाईल नंबर जोडलेला होता, म्हणून मेसेजही आला नाही. पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं.

आधारवरून पैसे काढायच्या सोयीत, म्हणजे एईपीएसमध्ये, आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. बँक लांब असलेल्या गावांना ही सोय हवीच आहे. पण केवायसीला आणि पैसे काढायला बोट एकाच मशीनवर लावायचं असतं, आणि स्क्रीन समोरच्याच्या हातात. म्हणून बोट लावण्याआधी स्क्रीन बघा, पावती मागा. "उमटलं नाही" म्हणाला तर त्याचीही पावती निघते, ती घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा लावू नका.

पीएम किसानची ई-केवायसी सरकारी पोर्टलवर ओटीपीने घरबसल्या, फुकट होते. आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग तुमच्या ठशावर कोणालाच पैसे काढता येत नाहीत. मात्र रेशनला अंगठा लावायचा असेल तेव्हा ते थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा.

पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार चूक ना बँकेची, ना खातेदाराची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान खातेदारावर पडत नाही. आत्यांची तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.